परिचारिकेचे रसायनशास्त्र

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूर गावाचे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. पण ते बहुधा गावामुळे नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील ज्या स्थानकाला बेलापूर हे नाव पडले, त्याच्याभोवती पुढे श्रीरामपूर वाढले. आणि ज्या साखर कारखान्याला ‘बेलापूर कंपनी’ म्हणत, तो उभा राहिला हरेगावला. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे बारमाही वाहू लागले, आणि बाजरीच्या या मुलखात ऊस डोलू लागला. उसाबरोबर गुऱ्हाळे आली, कारखाने आले, कारखान्यांत रसाची परीक्षा करणारे ‘केमिस्टसाहेब’ आले; आणि कालव्याच्या पाण्याबरोबर काही जमिनींवर पांढरे मीठही फुटले. ज्या प्रदेशात रसायनशास्त्र असे चुलाणावर शिजते आणि बांधावर पसरते, त्या प्रदेशातील एखादी बाई रसायनशास्त्राच्या पुस्तकापुढे बसली म्हणजे तिच्या हाताला कापरे भरावे, ही गोष्ट नवलाची खरी. पण ती घडते.

अशी बाई श्रोत्यांनी पाहिली असेल. वर्षानुवर्षे उपकेंद्रावर सहायक परिचारिका म्हणून काम केलेली, लोक जिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात ती. शाळेत असताना तिने कला शाखा घेतली, कारण गावात तीच होती, किंवा वडील म्हणाले म्हणून. पुढे लग्न झाले, मुले झाली, सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम मराठीतून पुरा झाला. आज तिची धाकटी मुलगी दहावीला आहे. अशा वेळी तिच्या मनात येते की आपण पुढे शिकावे, पदविका घ्यावी, आणि जमल्यास त्याच्याही पुढे जावे. भारतीय परिचर्या परिषदेने सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या या पदविकेला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षांची ठेवली आहे. पण सहायक परिचारिकांना वयाची ही अट लावलेली नाही. दार उघडे आहे. पदविका झाली की दोन वर्षांची पदवी, आणि त्या पदवीच्या पहिल्याच वर्षी दारात उभा असतो तो विषय, जीवरसायनशास्त्र. तोही इंग्रजीतून.

प्रौढ वयात पाटी हाती घेणे आपल्याकडे नवे नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदन सुरू झाले. त्या वेळी रुग्णाची शुश्रूषा हे हलके काम समजले जाई. चांगल्या घरच्या बाईने परक्या माणसाच्या अंगाला हात लावावा ही कल्पनाच लोकांना सोसत नसे. तरीही सेवासदनाने प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालविले आणि आपल्या विद्यार्थिनींना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविले. त्यांत विधवा होत्या. अक्षरओळखही उशिरा झालेल्या बायका होत्या. रमाबाई स्वतः लग्नानंतर, घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे सोसत, वाचायला शिकल्या होत्या. तेव्हा उशिरा शिकण्याची लाज त्यांना समजावून सांगावी लागत नव्हती. आजच्या सिस्टरबाईंची अडचण निराळी आहे. त्यांना कोणी टोमणे मारीत नाही. उलट घरातले कौतुक करतात, वर्गातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली ‘ताई, ताई’ करतात. अडचण पुस्तकात आहे.

आणि तीही बरीचशी शब्दांची आहे. ‘क्षार’ हा एकच शब्द घ्या. बेलापूरच्या परिसरात ‘पाण्यात क्षार आहेत’ असे म्हटले म्हणजे त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, एवढे कोणालाही कळते. ‘जमीन क्षारावर गेली’ म्हटले म्हणजे ती नापीक झाली. घरात ‘पापडखार’ म्हणतात तेव्हा पापड फुलविणारी वस्तू अभिप्रेत असते. शालेय पुस्तक मात्र सांगते की आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने जे तयार होते ते क्षार. पाण्यात विरघळणारी आम्लारी ती अल्क. इंग्रजी पुस्तक याच क्षाराला ‘सॉल्ट’ म्हणते, आणि सॉल्ट म्हणजे तर मीठ हे तिला बालपणापासून ठाऊक! मग चुनखडी हे मीठ कसे? मोरचूद हे मीठ कसे? सतरा वर्षांची मुलगी हा प्रश्न विचारीत नाही. ती व्याख्या पाठ करते, लिहिते आणि गुण मिळविते. प्रौढ बाईच्या डोक्यात मात्र त्या शब्दाचे तीन अर्थ अगोदरच राहत असतात, आणि चौथा आला की ते चौघे भांडू लागतात. याला लोक वयाने आलेले मंदत्व म्हणतात. ते मंदत्व नव्हे. ज्या घरात सामान भरलेले आहे तेथे नवे कपाट ठेवायला जागा करावी लागते, इतकेच.

सामान कोणते, ते पाहू.

गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत पडतो तेव्हा तो किंचित आंबट असतो. पी-एच म्हणून जे माप आहे त्यात शुद्ध पाणी ७ वर, आणि ताजा रस साधारण ५ ते साडेपाचच्या दरम्यान. या मापाची एक पायरी म्हणजे दसपट, हे ध्यानात ठेवले म्हणजे फरक केवढा ते कळेल. हा आंबटपणा तसाच ठेवून रस उकळला, तर आम्लाच्या व उष्णतेच्या योगाने साखरेचा कण फुटतो. एका कणाचे दोन होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. हे दोन्ही गोडच. पण ते दाणा धरीत नाहीत, हवेतील ओल ओढतात, आणि ढेप बसण्याऐवजी गूळ पाझरतो. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणतो व झाऱ्याने काढून टाकतो. चुना कमी पडला तर गूळ ढिला राहतो, जास्त झाला तर काळा पडतो व जिभेला चुरचुरतो. गुळव्याजवळ पी-एच मोजण्याचे साधन नसते. तो रसाचा रंग पाहतो, फेसाची जात पाहतो, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी करतो. उदासिनीकरण हा शब्द त्याने ऐकलेला नसतो. पण तीस वर्षे त्याने दुसरे काही केलेलेही नसते.

ज्या बाईने माहेरी हे पाहिले आहे, तिला रक्ताचा पी-एच शिकवायचा असेल तर आरंभ येथून व्हावा. रक्ताला ७.३५ ते ७.४५ एवढीच जागा दिलेली आहे. ढेपेपेक्षा कितीतरी नाजूक काम. त्याच्या खाली गेले की शरीराचा कारभार बिघडू लागतो. मधुमेहाचा रोगी बेशुद्धीच्या वाटेवर असताना खोल, धापेसारखा श्वास का घेतो, हे तिने पाहिलेले असते. त्याच्या तोंडाला येणारा आंबूस-गोड वासही तिला ठाऊक असतो. रक्तात आम्ल वाढले आहे आणि फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते आम्ल कमी करण्यासाठी धडपडत आहेत, असे पुस्तकात वाचल्यावर तिला तो रोगी आठवतो, त्याचा पलंगही आठवतो. तरुण मुलीला ते वाक्य परीक्षेपर्यंत पुरते. हिला ते परीक्षेनंतरही पुरणार.

उपकेंद्रावर तर ती रोज रसायनशास्त्रच करीत आली आहे. फक्त तेथे कोणी त्या कामाला ते नाव दिले नाही. पावसाळा लागला की गावच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकायची. विहिरीचा व्यास तीन मीटर, पाण्याची खोली चार मीटर. व्यासाचा वर्ग, गुणिले ३.१४, भागिले चार, गुणिले खोली. पाणी सुमारे २८ हजार लिटर निघाले. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सत्तर ग्रॅम. ‘चांगली’ म्हणजे कोणती, तर जिच्यात शेकडा ३३ च्या आसपास उपयोगी क्लोरीन आहे ती. पोते उघडे राहिले, ओल लागली, की हा क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. मग सत्तर ग्रॅम टाकूनही विहीर निर्जंतुक होत नाही. म्हणून नंतर नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का ते पाहायचे. रंग आला नाही तर ग्रामपंचायतीच्या शिपायाला बोलावून, ‘दादा, पोते कधीचे आहे?’ असे विचारायचे. एवढे सर्व जिच्या हातून शेकडो वेळा झाले आहे, ती ‘मला रसायनशास्त्र येत नाही’ असे म्हणते, तेव्हा तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

परासरण हा पुस्तकातला आणखी एक भयंकर शब्द. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला परासरण ठाऊक आहे. बाहेर मीठ जास्त, आत कमी. म्हणून पाणी आतून बाहेर येते. कालव्याखालच्या खारवट जमिनीत नेमके हेच उसाच्या मुळांपाशी घडते. शेतात पाणी उभे, आणि पीक मात्र तहानेने वाळते. कारण मातीतले मीठ मुळांना पाणी ओढू देत नाही. प्रवरेच्या खोऱ्यातील कित्येक शेतकऱ्यांनी हे दुःख डोळ्यांनी पाहिले आहे. आता उलट बाजू. माणसाच्या शिरेत मोठ्या प्रमाणात नुसते शुद्ध पाणी सोडले तर काय होईल? रक्तातील तांबड्या पेशींच्या आत क्षार, बाहेर नाहीत. पाणी आत शिरेल आणि पेशी फुटतील. म्हणून सलाइन. त्याच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेले असते, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. नऊच का, चार का नाही, वीस का नाही, याचे उत्तर कैरीच्या फोडीत आहे.

अतिसारावर देण्यात येणाऱ्या मीठ-साखरेच्या पाण्याचीही गोष्ट अशीच. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगाव येथे पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून ते रोग्यांना तोंडाने पाजविले; नातेवाईकांनीच पेल्याने पाजायचे. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारच्याही खाली आले. यात कळण्याची गोष्ट एकच. पटकीने बिघडलेले आतडे नुसते मीठ आत घेत नाही; पण मिठाचा सोडियम आणि साखरेचा ग्लुकोज हे जोडीने आले तर दोघांनाही आत घेते, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते, आणि ते एका लिटरसाठी असते. सिस्टरबाईंनी अशी पाकिटे किती वाटली याची गणती नाही. घरोघर त्या सांगत आल्या की पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. अर्ध्या तांब्यात कालवू नका. का, हे त्यांना आता कळते. अर्ध्या तांब्यात ते पाणी बाळाच्या आतड्यासाठी कैरीचे मीठ होते.

येथपर्यंत सर्व सोपे वाटेल. परंतु ओळखीच्या वस्तूंवर विसंबून रसायनशास्त्राची सगळी वाट चालून जाता येते असे सांगणे हा त्या बाईशी अप्रामाणिकपणा होईल. एक ठिकाण असे येते की जेथे काहील, कैरी आणि विहीर मागे राहतात, आणि तेथे आकड्यांचा हात धरावाच लागतो. ते ठिकाण म्हणजे मापे.

गुळव्याचा चुना थोडा जास्त झाला तर एक ढेप काळी पडेल. विहिरीत दहा ग्रॅम पावडर जास्त पडली तर गावकरी पाण्याला वास येतो म्हणून कुरकुरतील. रुग्णालयात अशी सवलत नाही. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलिलिटरची एक लहानशी कुपी असते. आतला द्रव पाण्यासारखा स्वच्छ. शेजारी ठेवलेल्या शुद्ध पाण्याच्या कुपीहून डोळ्यांना निराळा न दिसणारा. रक्तात पोटॅशियम कमी झाले म्हणजे हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ते द्यावे लागते. आणि तेच द्रव पातळ न करता एकदम शिरेत टोचले तर हृदय थांबते. औषध आणि मृत्यू यांच्यामध्ये येथे केवळ प्रमाण उभे असते.

डॉक्टर कागदावर लिहितात, ‘२० मिलिइक्विव्हॅलंट’. कुपीवर कधी तोच शब्द असतो, कधी ‘१५ टक्के’ एवढेच असते. आता या दोन भाषांचा मेळ कोण घालणार? मिलिइक्विव्हॅलंट हा शब्द ऐकून जी बाई गांगरली, तिला कोणी नीट बसून सांगितले तर तो शब्द असा आहे: पोटॅशियमच्या अणूचे वजन ३९, क्लोरीनच्या अणूचे साडेपस्तीस, दोन्ही मिळून साडेचौऱ्याहत्तर. म्हणून या क्षाराचे साडेचौऱ्याहत्तर मिलिग्रॅम म्हणजे एक मिलिइक्विव्हॅलंट. १५ टक्के म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये १५ ग्रॅम. तेव्हा दहा मिलिलिटरमध्ये दीड ग्रॅम, अर्थात १,५०० मिलिग्रॅम. त्याला साडेचौऱ्याहत्तरने भागले की वीस. एक कुपी म्हणजे वीस. सगळे गणित चार ओळींत बसते, आणि त्यासाठी भिंतीवर टांगलेल्या त्या मूलद्रव्यांच्या तक्त्यातील दोनच घरे लागतात.

ज्या तक्त्याला ती इतके दिवस भीत होती, त्याची गरज नेमकी कोठे पडते हे तिला या ठिकाणी कळते. मूल्य, संयुजा, अणुभार ही पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातील कोरडी वाटणारी नावे. ती कोणी परीक्षेसाठी म्हणून शिकविली तर चाळिशीकडे झुकलेल्या बाईने ती का शिकावीत? तिला आणखी वीस वर्षे परीक्षा द्यायच्या नाहीत. तिला वीस वर्षे कुप्या फोडायच्या आहेत. अध्यापकांनी हा क्रम उलटा करून पाहावा. आधी कुपी टेबलावर ठेवावी आणि मग तक्ता उघडावा. पुष्कळ ठिकाणी शिकविण्याचा क्रम अजून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे चालतो, आणि कुपी थेट प्रात्यक्षिकात, तीही घाईघाईने, हाती येते.

टक्के आणि गुणोत्तरे यांचीही हीच कथा. ॲड्रिनलिनच्या कुपीवर ‘१:१०००’ लिहिलेले असे. म्हणजे हजार मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. ‘१:१०,०००’ म्हणजे तितकेच औषध दहा मिलिलिटरमध्ये. एका शून्याचा फरक, आणि औषधात दसपट. दुकानात हिशेब चुकला तर नंतर दुरुस्त करता येतो.

घरी संध्याकाळी निराळेच दृश्य दिसते. ओट्यावर भाकरी, आणि टेबलावर दोन पुस्तके. मुलीचे दहावीचे विज्ञान मराठीतून, आईचे जीवरसायनशास्त्र इंग्रजीतून. मुलगी समीकरण संतुलित करून दाखविते. डाव्या बाजूला जितके अणू तितकेच उजव्या बाजूला. ‘आई, तू उगाच घाबरतेस, हे तर हिशेबासारखं आहे,’ असे ती म्हणते. आणि आम्ल-आम्लारीचा धडा आला की पाळी उलटते. ‘मामांच्या गुऱ्हाळावर चुना कशाला घालतात, सांग बरं?’ असे आई विचारते, आणि दहावीची मुलगी गप्प बसते. तिच्या पुस्तकात गुऱ्हाळ नाही.

इंग्रजीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. काही बायका वहीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि तिसऱ्या रकान्यात आपण तो पदार्थ कोठे पाहिला ते लिहितात. अशा वहीत ‘बायकार्बोनेट’समोर ‘खाण्याचा सोडा’, आणि त्यापुढे ‘ढोकळा, पित्त, शिरेतून देण्याची कुपी’ असे आढळते. हा कोश कोणत्याही छापखान्यातून निघालेला नसतो, पण तो पाठ होतो. कारण त्यातला तिसरा रकाना तिचा स्वतःचा असतो. बेलापूरहून फार दूर नसलेल्या लोणीच्या वैद्यकीय परिसरात परिचर्या महाविद्यालय आहे. अशा वह्या तेथेही असतील आणि राज्यातल्या इतर अनेक वर्गांतही.

रात्रपाळी. कागदावर डॉक्टरांची सूचना: पोटॅशियम क्लोराइड २० मिलिइक्विव्हॅलंट, पाचशे मिलिलिटर सलाइनमधून, सावकाश. विद्यार्थिनी कुपी दिव्यापाशी धरून तिच्यावरची अक्षरे वाचते. १५ टक्के, दहा मिलिलिटर. हाताच्या पंजावर पेनाने ती चार ओळी लिहिते, आणि उत्तर वीस येते. शेजारच्या पलंगापाशी असलेल्या, वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान पण हुद्द्याने मोठ्या असलेल्या सिस्टरला ती हळूच बोलावते. ‘मॅडम, एकदा बघता का?’ ती पुन्हा वाचते, पुन्हा मोजते, मान हलविते. बाटलीत कुपी रिकामी होते. हा द्रव जड असतो. सरबतातल्या साखरेसारखा तळाशी जाऊन बसतो, आणि न ढवळता बाटली लावली तर पहिल्या धारेतच सगळा जाईल. म्हणून ती बाटली उलटसुलट करते, पुन्हा एकदा करते. चिठ्ठीवर औषधाचे नाव, प्रमाण, वेळ आणि आपली सही घालून ती बाटलीला चिकटविते, नळीतले थेंब घड्याळावर मोजते, आणि रोग्याच्या उशाशी स्टूल ओढून बसते.